ताटलीला दिलेला घास

कुस्को, रविवार सकाळ

प्रिय एदेल्मिरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? माझंच आहे. लूस्मिलाकडून लिहून घेतलेलं नाही. ‘फोन असताना ही बया पत्र कशाला लिहीत बसली’ असं तू म्हणणार, ते मला इथं बसल्या जागी ऐकू आलं. अगं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी तोंड उघडलं की ‘गुडघे कसे आहेत, थंडी किती आहे, लोकरीचे मोजे घालतेस का’, आणि मग ‘चल, ठेवते, दूध उतू जातंय’. तुझं दूध इतकी वर्षं उतूच जातंय. पत्र तुला मध्येच तोडता यायचं नाही, म्हणून दाराला कडी लावून टेबलाशी बसले आहे. शुद्धलेखनाकडे काणाडोळा कर. शिकवणारी तूच होतीस, तेव्हा निम्म्या चुका तुझ्या नावावर.

आधी खुशाली. तू पाठवलेला पेकानच्या सुक्या मेव्याचा डबा इकाहून नीट पोचला, आणि लूस्मिलानं तो दोन दिवसांत रिकामा केला. माझे गुडघे जिने मोजतात, पण चालतात. म्युझियममध्ये सध्या नुसता धुरळा आहे. मागचं जुनं दालन पाडून नवं करतायत, ऑक्टोबरात उघडणार. दिवसातून चार वेळा पुसलं तरी फरशी पांढरीच. त्या नव्या दालनात मधोमध एक काचेची पेटी येणार आहे आणि तिच्यात एकच वस्तू. सांग कुठली? तीच ती. बदकाच्या डोक्याच्या मुठीची, माशांच्या तीन रांगांची ताटली. आणि त्या दालनातल्या वस्तूंची माहितीची कार्डं लिहायचं काम कोणाला दिलंय? आपल्या लूस्मिलाला! जी पोर त्या अंगणात माझ्या बादलीला धरून उभी राहायला शिकली, ती आता तिथं गळ्यात ओळखपत्र घालून फिरते आणि मला म्हणते, “आई, इथं ओलं आहे, पाटी लाव.” मी म्हटलं, “तूच लाव, मोठी साहेबीण झालीस ना!” मी तोंडानं अशी बोलते, पण आत जाऊन डोळे पुसते.

आता इथपासून जरा सावकाश वाच. कार्डावर वस्तूचं सगळं लिहावं लागतं, हे मी तुला काय सांगू. कुठं सापडली, किती जुनी, कुठं टवका उडालाय, आणि डाग असेल तर कशाचा. लूस्मिलानं डागासाठी चोवीस वर्षांपूर्वीची फाइल काढली. त्यात लिहिलंय की ‘तज्ज्ञ एदेल्मिरा बेरोकाल यांनी परवानगी न घेता रसायन लावून पाहिल्यामुळे तिसऱ्या रांगेतल्या दोन माशांवर कायमचा डाग पडला’. खाली तुझी सही. त्या संध्याकाळी पोर घरी आली ती तोबरा भरल्यासारखी. पिशवी कॉटवर आपटली आणि म्हणाली, “तुला माहीत होतं? माझ्या माद्रिनानं, माझ्या धर्माच्या आईनं ती ताटली नासवली! सगळ्यांना मी सांगत फिरते की तिच्यामुळे मी ह्या कामात आले. आणि तिनं पाचशे वर्षांच्या वस्तूवर प्रयोग केला? विद्यार्थीसुद्धा करत नाही असं!” मी चुलीकडे तोंड केलं. सूप ढवळत राहिले, तरी ते खाली लागलंच. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावरचा तुझा फोटो नव्हता. तुम्ही दोघी इकाच्या वाळूत मडक्याचे तुकडे जुळवत बसला आहात, तो.

तो दिवस तुला आठवतो, मला माहीत आहे. पण मी काय केलं ते माझ्या तोंडून तू कधीच ऐकलं नाहीस. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तर आज ऐक. ऑगस्टची पहिली तारीख होती. तू ताटली पेटीतून काढून पांढऱ्या कापडावर ठेवली होतीस, परदेशातल्या प्रदर्शनाला न्यायची म्हणून मापं घेत होतीस. तिच्याबरोबर तूही जाणार होतीस, सहा महिने तिकडं शिकायला. तुझे नवे बूटसुद्धा घेऊन झाले होते, तपकिरी. तेवढ्यात खालून निरोप आला की तिकिटाच्या कागदांसाठी ताबडतोब या. तू मला म्हणालीस, “निकोलासा, हात लावू नकोस हं, फक्त नजर ठेव.” आणि गेलीस.

मी नजर ठेवली. नजर ठेवली तिथंच घात झाला. अगं, आमच्या कुंभारांच्या गावात ऑगस्टच्या पहिल्या दिवशी घरातलं एकही भांडं उपाशी ठेवत नाहीत. धरणीमायचं तोंड त्या दिवशी उघडं असतं आणि भांडी तिचीच लेकरं. गळकं मडकं असो, कान तुटलेला घट असो, प्रत्येकात घास पडतो, नाहीतर वर्षभर भट्टीत भांडी तडकतात. माझी आई तर फुटक्या खापरीलाही घास द्यायची आणि वर म्हणायची, “हिनं काय पाप केलंय?” आणि इथं ही एवढी देखणी ताटली! कुणा कुंभारणीनं इतके बारीक मासे काढले, इतकी घोटली की अजून बोट घसरतं, आणि पाचशे वर्षं तिच्यात कुणी शितभर वाढलं नाही. त्यातून अशा ताटल्या जोडीनं घडवतात, एक वाढणाऱ्याची, एक पाहुण्याची. हिची जोडीदारीण कुठं गेली देव जाणे. मला एकदम भरून आलं बघ. नवरा जाऊन सहा महिने झाले होते, मीही एकटीच जेवत होते.

माझ्या गाठोड्यात उकडलेला बटाटा होता, मिरचीची चटणी होती, बाटलीत दोन घोट चिचा, आपली मक्याची दारू, होती. कोकाची तीन पानं जुळवली, फुंकर घातली, ती कडेला ठेवली. बटाटा मधोमध मोडला, अर्ध्याला चटणी लावून ताटलीत ठेवला, बोटं चिचेत बुडवून चार थेंब शिंपडले. उरलेला अर्धा मी तिच्यासमोर उभ्यानं खाल्ला, म्हणजे तिला एकटीला जेवावं लागू नये. दोन मिनिटांत उचलून पुसून ठेवणार होते, शपथ सांगते. पण आपले तेव्हाचे मोठे साहेब, फाउस्तिनोसाहेब, पेटारे बांधणाऱ्या माणसांना घेऊन थेट आत आले. मी ते पांढरं कापड ओढून ताटलीवर टाकलं. साहेब म्हणाले, “तू इथं काय करतेस? खाली शाळेची पोरं ओकलीत, ते बघ आधी.” मी बादली उचलून खाली पळाले. साहेबांनी खोलीला कुलूप घातलं. तुझी ती कागदपत्रं संध्याकाळपर्यंत पुरी झाली नाहीत, आणि घास रात्रभर ताटलीतच राहिला. त्या चटणीत शेंगदाण्याचं तेल किती असतं हे मी तुला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी बटाटा आणि पानं ताटलीत नव्हती, ती साहेबांच्या आधी तूच उचलली असणार; डाग तेवढा राहिला, आणि सगळ्यांना अंगणात उभं केलं होतं. फाउस्तिनोसाहेबांच्या मिशा थरथरत होत्या. “हे कुणाचं काम? बऱ्या बोलानं सांगा, नाहीतर पोलिसांना बोलावतो!” पाठीवर दीड वर्षाची लूस्मिला झोपलेली, तिचं डोकं माझ्या मानेवर. मी पाऊल उचललं होतं गं, खरंच उचललं होतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. पाऊल तू उचललंस. पुढं होऊन म्हणालीस, “मी केलं. डाग काढायचं नवं औषध लावून बघत होते.” साहेबांनी ताटली नाकाला लावली. “बाई, ह्या औषधाला मिरचीचा वास येतोय.” आणि तू काय म्हणालीस! “परदेशी औषध आहे, साहेब. त्यांची सगळी असलीच वास मारतात.” कुणीतरी मागं फिसकन हसलं. मी हसले नाही, पाठीवरच्या पोरीची झोळी घट्ट आवळून धरली.

मग पायरीपाशी तू मला गाठलंस. मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. तेव्हा मी तुला अहो-जाहो करायची. मी म्हणायला लागले, “बाई, तुम्ही...” तर तू मला थांबवलंस आणि एकच प्रश्न विचारलास, “बटाटा कुठला होता?” मी म्हटलं, “आमच्या गावचा. पिवळा, पिठूळ.” तू म्हणालीस, “मग ठीक आहे. निदान चांगलं तरी जेवली.” आणि निघून गेलीस. परदेश गेला, तपकिरी बूट खोक्यातच राहिले. महिन्याभरात बदलीचा कागद आला, समुद्राकाठच्या गोदामात, फुटक्या मडक्यांच्या ढिगात. पुढं त्या ढिगातूनच तू नाव काढलंस ही गोष्ट वेगळी, पण तेव्हा सगळे तुला ‘मिरचीवाली बाई’ म्हणायचे आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. आधी भीतीनं, नोकरी गेली तर पोरीला काय घालू म्हणून. मग सवयीनं. मग इतकी वर्षं झाली की सांगायची लाज वाटायला लागली.

तुझे आभार कसे मानायचे ते कळेना, म्हणून मी तुला लूस्मिलाच्या जावळाला बोलावलं. तोपर्यंत तिच्या केसांना कात्री लागली नव्हती, गुंता झालेला नुसता. पहिली बट कापणारी ती माद्रिना, आणि आईची ती कोमाद्रे, जन्माची सखी. गावची माणसं कुजबुजत होती की ही शहरातली बाई काय येतेय, आली तर काय देणार, बाहुली? आणि तू टॅक्सीतून उतरलीस, मागच्या सीटवर मेंढी! ड्रायव्हर शिव्या घालतोय, मेंढीनं सीट खराब केलेली, आणि तू विचारतेस, “मादीच आणलीय, बरोबर ना?” माझा चुलता पोट धरून हसला आणि म्हणाला, “ही बाई आपलीच आहे, चुकून शहरात जन्मली.” त्या मेंढीचा कळप झाला, एदेल्मिरा. लूस्मिलाची कॉलेजची पहिली दोन वर्षं त्यातूनच निभावली. त्या दिवशी बट कापून झाल्यावर तू माझ्या हातातला चिचेचा पेला घेतलास आणि दटावलंस, “आता अहो म्हटलंस तर मी पिणार नाही.”

आणि अक्षरं! तू आलीस त्या वर्षापासून दुपारच्या सुट्टीत तू मला कार्डांवरून वाचायला शिकवलंस. इतरांची पोरं ‘आई, घर’ वाचतात, मी पहिला शब्द वाचला तो ‘खापर’. दुसरा ‘अंदाजे’. तू म्हणायचीस की ह्या दोन शब्दांवर आमचा सगळा धंदा चालतो. मग लूस्मिलाला दर उन्हाळी सुट्टीत तुझ्याकडं बोलावून घेतलंस, तिला तुकडे जुळवायला शिकवलंस, धीर धरायला शिकवलंस, जे मला आजवर जमलं नाही. हे सगळं मी पोरीला लहानपणापासून सांगत आले, घास भरवताना सांगितलं, वेणी घालताना सांगितलं. सगळं सांगितलं, तेवढं एक सोडून.

तीन दिवस मी गप्प राहिले. चौथ्या संध्याकाळी लूस्मिला म्हणाली, “उद्या कार्ड लिहून देते. पूर्ण नाव टाकणार आहे. माझी माद्रिना आहे म्हणून लपवलं असं कुणी म्हणायला नको.” तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना. मी चूल विझवली, हात पुसले आणि म्हटलं, “बस खाली. ती ताटली मी नासवली.” सगळं सांगितलं. ती ऐकत होती, डोळे एवढे मोठे करून. मध्येच म्हणाली, “चटणी लावून?” मी चिडले, म्हटलं, “मग काय कोरडा बटाटा देऊ पाहुणीला?” तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. मग जे बोलली ते मला लागलं, पण खोटं नव्हतं. म्हणाली, “आई, तू चोवीस वर्षं मला तिचे उपकार सांगत आलीस आणि खरा उपकार तेवढा गिळलास.” त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. फोटो मात्र त्याच रात्री टेबलावर परत आला.

तिनं मला जा म्हटलं नाही. मीच गेले. गुरुवारी सकाळी, साफसफाईचा झगा काढून, लग्नातली शाल घेऊन, उबाल्दोसाहेबांच्या खोलीत. हे नवे साहेब, लूस्मिलापेक्षा दहा वर्षांनी मोठे असतील, माणूस चांगला आहे. मी माझ्या हातानं लिहिलेला कागद पुढं ठेवला, काय केलं, कधी केलं, चटणीसकट. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि हसले. हसले गं! म्हणाले, “निकोलासाबाई, तुमचा जीव मोठा आहे. कोमाद्रेचं नाव कार्डावर येऊ नये म्हणून स्वतःवर घेताय, कळतंय मला. मीही ह्याच मातीतला, कोमाद्रे एकमेकींसाठी काय काय करतात ते आमच्या घरी पाहिलंय.” मी शपथ घेतली, बटाट्याचा रंग सांगितला, साहेबांना काही पटेना. चोवीस वर्षं मी खोटं जपलं तर सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि खरं बोलले तर म्हणतात, किती प्रेमळ बाई! शेवटी म्हणाले, “फाइलमध्ये त्यांची सही आहे. त्यांनी स्वतः सांगितलं की ते त्यांनी केलं नाही, तर मी फाइल बदलतो, कार्डही बदलतो. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी त्यांना फोन करून विचारतो. नाहीतर आहे तसंच छापायला जाईल.”

म्हणून हे पत्र आजच्या आज इकाच्या बसनं पाठवतेय, शुक्रवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून. कारण मी तुला ओळखते. साहेबांनी विचारलं की तू हसून म्हणशील, “छे हो, निकोलासाचं वय झालं, काहीबाही बोलते. मीच केलं होतं.” माझी नोकरी जाईल, दोन वर्षांवर आलेलं पेन्शन जाईल, असं तुला वाटेल. जाऊ दे गेलं तर. पोरगी मिळवती आहे, आणि माझे हात अजून माती विसरलेले नाहीत, गावी भट्टीवर मला कुणीही बसू देईल. पण त्या काचेच्या पेटीखाली, माझ्या पोरीच्या अक्षरात, तुझं नाव डागापुढं लागलेलं मी रोज सकाळी पुसायचं, हे मला आता होणार नाही. तू मला वाचायला शिकवलंस, पोरीला माणूस केलंस, आणि मी भीतीनं थिजले होते तेव्हा माझ्या जागी जाऊन उभी राहिलीस. एवढं कुणी सख्खं करत नाही. चोवीस वर्षं तू माझ्यासाठी खोटं बोललीस, कोमाद्रे. शुक्रवारी एकदा माझ्यासाठी खरं बोल.

तुझीच,
निकोलासा